पैनगंगेकाठची डुकरे आणि सरकारची नजर

२००३ च्या जून ते ऑगस्ट या काळात तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, मुख्यतः करीमनगर आणि वरंगळ जिल्ह्यांत, लहान मुलांना अचानक जोराचा ताप येई, झटके येत, शुद्ध हरपे आणि एक-दोन दिवसांत मूल हातचे जाई. नोंदल्या गेलेल्या ३२९ रुग्णांपैकी १८३ दगावले. करीमनगरहून उत्तरेला गोदावरी ओलांडली की आदिलाबाद जिल्हा लागत असे. पहिला संशय जपानी मेंदूज्वरावर गेला आणि तो अकारण नव्हता, कारण चारच वर्षांपूर्वी, १९९९ मध्ये, त्याच राज्यात त्या रोगाची मोठी साथ येऊन गेली होती. जपानी मेंदूज्वराचे नाव निघाले की पाठोपाठ डुकराचे नाव निघते. या रोगाचा विषाणू डुकराच्या रक्तात भराभर वाढतो आणि डासांमार्फत माणसापर्यंत पोचतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने नमुने तपासले तेव्हा मात्र वेगळाच विषाणू हाती आला. तो होता चांदीपुरा. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या रुग्णांच्या रक्तात तो प्रथम सापडला होता, आणि त्याचा प्रसार वाळूमाशी करते असे मानले जाते. हे निष्कर्ष २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आले. या मुलुखात सरकारचे लक्ष डुकराकडे जाते ते बहुधा अशाच वेळी, म्हणजे माणूस आजारी पडल्यावर. डुक्कर स्वतःही आजारी पडते, मरते आणि जाताना एखाद्या कुटुंबाची वर्षभराची पुंजी घेऊन जाते. हे पाहणारी यंत्रणा इथे फार उशिरा आली आणि अजून अर्धवटच आहे. पैशाचा आणि प्रयोगशाळांचा तुटवडा हे त्याचे एक कारण आहे, पण तेवढ्याने उलगडा होत नाही. जनावरांच्या रोगांवर सरकारने ठेवलेल्या नजरेचा दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. ज्या जनावराच्या मालकाला रोग कळवण्यात तोटा नव्हता, त्या जनावराचा रोग सरकारला कळत गेला. डुकराच्या मालकाला कळवण्यात कायम तोटाच होता.

आदिलाबादचा आजचा नकाशा समोर ठेवून हा इतिहास नीट समजत नाही. निजामाच्या राज्यात किनवट आणि राजुरा हे तालुके याच जिल्ह्यात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते मुंबई राज्यात आले. आज किनवट नांदेडमध्ये आहे आणि राजुरा चंद्रपुरात. उरलेल्या जिल्ह्याचे २०१६ मध्ये आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमुरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. बेला, जैनथ, तामसी, बोथ या बाजूंना मराठी घराघरात बोलली जाते. पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्हा आहे, आणि सोयरीक, मजुरी, बाजार हे सगळे नदी ओलांडून चालते. गोंड, कोलाम, परधान यांच्या या प्रदेशात डुकरे पाळून पोट भरणारी घरे मुख्यतः वडार, कैकाडी आणि येरुकल समाजांतली. कैकाडी आणि येरुकल हे एकाच मुळाचे मानले जातात. तरी यवतमाळातला कैकाडी अनुसूचित जातीत येतो, किनवट-राजुऱ्यातला विमुक्त जातीत, आणि आदिलाबादेतला येरुकल अनुसूचित जमातीत. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत कैकाडींच्या नोंदीत विदर्भातले जिल्हे मोजून दिले आहेत आणि चंद्रपूरच्या नावापुढे ‘राजुरा तालुका वगळून’ असे म्हटले आहे. आदिलाबादची १९५६ पूर्वीची हद्द त्या यादीत आजही शाबूत आहे. सरकारी योजना, अनुदाने, शेळ्या-डुकरांचे गट हे सारे याद्यांच्या आधाराने येत असल्याने एकाच नात्यागोत्यातली माणसे तीन वेगवेगळ्या दारांत उभी राहतात. डुकरांचा रोग मात्र तिन्ही ठिकाणी सारखाच फिरतो.

आधी बैलाची गोष्ट सांगायला हवी, कारण रोगावर नजर ठेवायला सरकार शिकले ते बैलापायी. काळ्या जमिनीत कापूस आणि ज्वारी पिकवायची तर नांगर, वखर, तिफण आणि बंडी हे सगळे बैलाच्या खांद्यावर. बुळकांडी ही गुरांची साथ आली की आठवडाभरात गोठा रिकामा व्हायचा, पेरणी राहायची, आणि पेरणी राहिली की शेतसारा बुडायचा. ब्रिटिश हिंदुस्थानात १८६९ मध्ये जनावरांच्या साथींच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला. हॅलन या लष्करी पशुवैद्याचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे, आणि त्याचा अहवाल १८७१ मध्ये आला. १८८९ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये इम्पिरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली आणि चार वर्षांनी ती कुमाऊँतल्या मुक्तेश्वरला हलली. तिथले काम मुख्यतः बुळकांडीभोवतीच फिरत होते. निजामाच्या राज्यात कारभार वेगळा असला तरी हिशेब तोच होता. गावचे पटेल-पटवारी हे सरकारचे डोळे, आणि त्यांची नजर जमीन, पीक आणि ते पिकवणाऱ्या जनावरावर. बैल हा महसुलाचा पाया होता. डुकरावर कोणाचा महसूल अवलंबून नव्हता आणि ज्यांचे पोट त्यावर होते ती माणसे गावकुसाबाहेर राहत होती. गावाच्या दप्तरात त्या डुकराच्या मरणाची नोंद व्हायला कोणतेच कारण नव्हते.

बुळकांडीच्या निर्मूलनाची कथा आपल्याकडे लसीचा विजय म्हणून सांगितली जाते. ती खरी आहे, पण अपुरी आहे. १९५४ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, कोट्यवधी जनावरांना लस टोचली गेली, राज्यांच्या सीमांवर लसीकरणाच्या चौक्या बसल्या. साथी एकदम कमी झाल्या, पण रोग संपला नाही. तो इथे-तिथे दडून राहिला आणि पुन्हापुन्हा डोके वर काढत राहिला. १९९२ पासून युरोपीय समुदायाच्या मदतीने चाललेल्या दुसऱ्या टप्प्यात भर बदलला. लस टोचण्याबरोबर रोग शोधत गावोगाव फिरणे सुरू झाले. पशुवैद्यकीय कर्मचारी गावात जाऊन विचारत की तोंड आलेले, हगवण लागलेले, अचानक मेलेले जनावर आहे का. जनावरांच्या वाटांवर आणि बाजारांतही तेच विचारत. देशातला शेवटचा उद्रेक १९९५ मध्ये नोंदला गेला, २००६ मध्ये भारत या संसर्गातून मुक्त असल्याचे जागतिक पशुआरोग्य संघटनेने मान्य केले आणि २०११ मध्ये जगातूनच बुळकांडी गेल्याची घोषणा झाली. या शोधाला शेतकऱ्याने उत्तर का दिले, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. युरोपात बुळकांडी सापडली की सगळा कळप मारण्याची रीत होती. भारतात तसे करणे शक्यच नव्हते. गोवंशाबद्दलची भावना आड येत होती आणि सरकारला त्याची पक्की जाणीव होती. म्हणून आपल्याकडे आजारी बैल कळवला तर भोवतालच्या जनावरांना लस मिळे आणि मालकाचा बैल त्याच्याच गोठ्यात राही. कळवणाऱ्याचे नुकसान होत नव्हते. माझ्या मते त्या यशाचे हे दुर्लक्षित अंग आहे, आणि डुकराबाबत नेमके हेच कधी घडले नाही.

डुकरांच्या रोगांची भारतातली लिखित नोंद कुठून सुरू होते ते पाहणे उद्बोधक आहे. स्वाइन फीवर, ज्याला आता आफ्रिकन प्रकारापासून वेगळे ओळखण्यासाठी क्लासिकल स्वाइन फीवर म्हणतात, त्याची देशातली पहिली नोंद १९४४ ची आणि अलीगढची सांगितली जाते. अलीगढला सरकारी डेअरी फार्म होता आणि तिथे विलायती डुकरे पाळली जात. महाराष्ट्रातल्या या रोगाची निरीक्षणे १९६२ मध्ये ‘इंडियन व्हेटरनरी जर्नल’मध्ये आली. तो काळ पंचवार्षिक योजनांतल्या वराहविकासाचा होता. मुंबईत बोरिवलीला आणि आंध्रात गन्नवरमला बेकन फॅक्टऱ्या उभ्या राहत होत्या, मोठ्या पांढऱ्या यॉर्कशायर जातीची डुकरे बाहेरून आणली जात होती. सरकारची स्वतःची डुकरे झाली, त्यांच्यावर सरकारचा पैसा लागला, तेव्हा त्यांचा ताप थर्मामीटरने मोजला जाऊ लागला आणि मेलेल्या डुकराचे शवविच्छेदन होऊ लागले. गावातल्या काळ्या, काटक, उकिरड्यावर जगणाऱ्या डुकराला हा रोग तोवर होत नव्हता असे कोणी म्हणू शकणार नाही. इतकेच म्हणता येते की त्याच्याजवळ नोंद करणारा कोणी उभा नव्हता. पुढे सशांमध्ये वाढवलेल्या विषाणूपासून बनवलेली लस आली, ती चांगली होती, पण एका सशापासून मोजक्याच मात्रा निघत, आणि त्यामुळे ती सरकारी फार्मांच्या पलीकडे क्वचितच गेली. पेशीसंवर्धनावरची देशी लस भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने दिली तेव्हा २०२० साल उजाडले होते.

डुकराकडे असे दुर्लक्ष होत असताना डुक्कर पाळणाऱ्यावर मात्र सरकारची नजर होती, आणि ती फार बारीक होती. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी अनेक भटक्या समाजांना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. कैकाडी आणि येरुकल त्यांत होते. सोलापूरची सेटलमेंट, म्हणजे अशा समाजांची सक्तीची वसाहत, मराठी वाचकाला ठाऊक आहे. आंध्रात १९१३ मध्ये येरुकलांसाठी स्टुअर्टपुरम वसवले गेले. हजेरी देणे, गाव सोडताना परवाना घेणे, रात्री मोजदाद होणे हे त्या माणसांचे रोजचे आयुष्य होते. १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला, पण गणवेशातला माणूस दारात आला की काहीतरी हिरावून घेतले जाते ही शिकवण पिढ्यान्‌पिढ्या उतरत गेली. त्यानंतर दारात आली ती नगरपालिका. मोकाट डुकरे पकडण्याच्या मोहिमा, डुकरे गावाबाहेर काढण्याच्या नोटिसा, पकडलेली डुकरे दूर नेऊन सोडणारे ठेकेदार हे विदर्भापासून तेलंगणापर्यंत प्रत्येक तालुक्याच्या गावाने पाहिले आहे. ज्याचा सरकारशी आलेला सगळा संबंध असा, त्याने तिसऱ्या खात्याच्या माणसाला, पशुवैद्यकाला, माझी दोन डुकरे काल मेली हो, असे आपण होऊन जाऊन सांगावे, ही अपेक्षा कोणत्या भरवशावर करायची?

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वजनदार आहे. डुक्कर खरोखरच धोक्याचे आहे, मग सार्वजनिक आरोग्याने त्याच्याकडे संशयाने पाहिले तर बिघडले कुठे? जपानी मेंदूज्वर भारतात १९५५ मध्ये उत्तर अर्काट भागात ओळखला गेला, आणि त्याचे चक्र आता नीट माहीत आहे. बगळ्यांसारखे पाणपक्षी, भातखाचरात वाढणारा क्युलेक्स डास आणि डुक्कर यांच्यात विषाणू फिरतो. माणूस त्यात अपघाताने सापडतो. डुकरांचे आयुष्य छोटे, पिलावळ मोठी, त्यामुळे दर हंगामात विषाणूला नवी, प्रतिकारशक्ती नसलेली जनावरे मिळतात. म्हणूनच वराहपालन वस्तीपासून चार-पाच किलोमीटर दूर असावे असे मेंदूज्वर नियंत्रणाच्या मार्गदर्शनात सांगितले जाते. हे सगळे मान्य करूनही मला असे म्हणायचे आहे की संशयित म्हणून पाहण्याने त्या डुकराचा जो मोठा उपयोग आहे तोच वाया जातो. जपानने १९६० च्या दशकापासून दर उन्हाळ्यात डुकरांचे रक्त तपासण्याची पद्धत ठेवली. कोणत्या प्रांतात डुकरांच्या रक्तात प्रतिपिंडे दिसू लागली यावरून माणसांत रोग येण्याआधीच धोका कळतो. तिथे डुक्कर पहारेकरी ठरले. डुकरे वस्तीबाहेर हाकलली तर पहारेकरीही गेला, आणि बहुतेक वेळा ती फार दूर जात नाहीत, शेजारच्या गावच्या शिवारात जातात.

मलेशियाचा अनुभव याहून कठोर आहे. १९९८ च्या अखेरीस तिथल्या डुक्कर-फार्मांवर काम करणारी माणसे मेंदूज्वराने मरू लागली. आरोग्यखात्याने जपानी मेंदूज्वर ठरवून डासांची फवारणी आणि लसीकरण सुरू केले. पण लस घेतलेलेही आजारी पडत होते, मुलांपेक्षा प्रौढ माणसे जास्त आजारी पडत होती, आणि त्यांच्या डुकरांना जोरजोराने भुंकल्यासारखा खोकला होता. जपानी मेंदूज्वरात डुक्कर सहसा असे आजारी दिसत नाही. गाभण मादी गाभडते इतकेच. डुकरांच्या त्या खोकल्याचे वजन वेळीच ओळखले गेले असते तर निपाह विषाणू कदाचित लवकर हाती आला असता. तो १९९९ मध्ये सापडला तोवर साथ पसरली होती. २६५ रुग्ण, १०५ मृत्यू, आणि दहा लाखांवर डुकरे मारावी लागली. करीमनगर-वरंगळला २००३ मध्ये डुकराकडे बोट दाखवणारा संशय खोटा ठरला. मलेशियात डुक्कर खरेच वाहक होते, पण नाव चुकीच्या रोगाचे घेतले गेले. दोन्हींतून निष्कर्ष एकच निघतो. डुकराच्या प्रकृतीची वेगळी, स्वतंत्र नोंद नसेल तर संशय खरा की खोटा हे ठरवायला हाताशी काही राहत नाही. २००९ मध्ये ‘स्वाइन फ्लू’ या नावाने जगभर घबराट पसरली, पुण्यात देशातला पहिला बळी गेला, आणि तिकडे इजिप्तने सुमारे तीन लाख डुकरे मारून टाकली. ती कैरोचा कचरा उचलणाऱ्या झब्बालीन समाजाची होती. विषाणू माणसाकडून माणसाकडे पसरत होता, त्यामुळे त्या कत्तलीने साथ काही थांबली नाही.

कागदावर पाहिले तर आपल्याकडे त्याच वर्षी चांगले पाऊल पडले. जनावरांतील संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंधाचा २००९ चा केंद्रीय कायदा देशभर एकसारखा आहे आणि अनुसूचित रोगांत डुकरांचे रोगही येतात. कायद्याची रचना अशी की मालकाने रोगाचा संशय गावपातळीच्या अधिकाऱ्याला किंवा पंचायतीला कळवावा, त्याने पशुवैद्यकाला लेखी कळवावे आणि तिथून बातमी वर जावी. पण हा गावपातळीचा अधिकारी आदिलाबादेत कोण राहिला होता? वंशपरंपरागत पटेल-पटवारी १९८० च्या दशकात एन. टी. रामाराव सरकारने काढून टाकले. त्यांच्या जागी पुढे आलेले ग्राम महसूल अधिकाऱ्यांचे पद तेलंगण सरकारने २०२० मध्ये कायद्याने रद्द केले. दोन्ही निर्णयांना जमिनीच्या व्यवहारातल्या भ्रष्टाचाराची कारणे होती आणि ती खरी होती. पण जमिनीच्या कारणाने गावातला डोळा काढताना त्याच डोळ्याने रोगही पाहायचा होता, हा विचार फारसा झाला नाही. यापुढचा दुवा प्रयोगशाळेचा. स्वाइन फीवर आणि आफ्रिकन स्वाइन फीवर यांची लक्षणे, म्हणजे जोराचा ताप, कानांवर-पोटावर लाल-जांभळे चट्टे आणि पटापट मृत्यू, इतकी सारखी असतात की नमुना तपासल्याशिवाय अनुभवी पशुवैद्यकही खात्रीने सांगू शकत नाही. आदिलाबादचा नमुना सुमारे ३०० किलोमीटरवर हैदराबादला जातो. नदीपलीकडच्या पांढरकवड्याचा पुण्याला. आफ्रिकन प्रकारचा शेवटचा निर्वाळा भोपाळची अतिसुरक्षा प्रयोगशाळा देते. एकाच महिन्यात नदीच्या दोन्ही काठांवर डुकरे मेली तर ती दोन राज्यांच्या दोन फायलींत जातात. आसिफाबादच्या केरामेरी आणि चंद्रपूरच्या जिवती या तालुक्यांमधली काही गावे तर अशी आहेत की त्यांच्यावर दोन्ही राज्यांचा दावा आहे आणि तिथल्या लोकांकडे दोन्हीकडची मतदार ओळखपत्रे आहेत. तिथे मेलेले डुक्कर कोणी मोजायचे, हा प्रश्न गंभीर आहे.

कोणी म्हणेल, आता संगणकाचा काळ आहे, ही जुनी साखळी कशाला हवी? बेंगळुरूची ‘निवेदी’ ही संस्था हवामान, पशुगणना आणि आधीच्या उद्रेकांच्या आधारे जिल्ह्याजिल्ह्याला दोन महिने आधी इशारे देते आणि त्यांत स्वाइन फीवरही असतो. हे काम मोलाचे आहे. पण या इशाऱ्याचा एक आधार म्हणजे पूर्वी नोंदले गेलेले उद्रेक. ज्या जिल्ह्यातून बातमीच गेली नाही, तो जिल्हा त्या गणितात निरोगी ठरत जातो आणि त्यामुळे पुढच्या खेपेला तिथे कमी लक्ष जाते. दुसरा आक्षेप संख्येचा. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातली डुकरे सुमारे ९०.६ लाख भरली. आधीच्या गणनेपेक्षा ती १२ टक्क्यांनी कमी होती आणि एकूण पशुधनात त्यांचा वाटा दोन टक्क्यांहूनही कमी होता. त्यांतली सर्वाधिक आसामात. मग आदिलाबादसारख्या कापूस-सोयाबीनच्या जिल्ह्यात थोड्या डुकरांसाठी एवढा खर्च का? याचे एक उत्तर लाळ्या-खुरकूत देतो. २००३-०४ च्या केंद्रीय मोहिमेत गाई-म्हशींनाच लस होती. डुक्कर श्वासावाटे या रोगाचा विषाणू गाईपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात बाहेर टाकते हे तज्ज्ञांना तेव्हाही ठाऊक होते. सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेला जाहीर झालेल्या नव्या राष्ट्रीय कार्यक्रमात शेळ्या-मेंढ्यांबरोबर डुकरेही यादीत आली, म्हणजे गाईला वाचवायचे तर डुकराला वगळून चालत नाही हे पंधरा वर्षांनी मान्य झाले. दुसरे उत्तर न्यायाचे आहे. तेलंगण सरकारने २०१७ मध्ये गोल्ला-कुरुमा या मेंढपाळ समाजाला ७५ टक्के अनुदानावर मेंढ्या वाटल्या आणि त्याच वर्षी १९६२ या क्रमांकावर येणारे फिरते पशुदवाखाने सुरू केले. मेंढपाळाची मेंढी ही त्याची मालमत्ता आहे हे सरकारने पाहिले, ते योग्यच होते. येरुकलाचे डुक्करही तशीच मालमत्ता आहे.

आफ्रिकन स्वाइन फीवरने हा सगळा प्रश्न निकडीचा केला आहे. केनियात १९२१ मध्ये वर्णन झालेला हा रोग २००७ मध्ये जॉर्जियात, ऑगस्ट २०१८ मध्ये चीनमध्ये आणि २०२० च्या सुरुवातीला आसाम-अरुणाचलात पोचला. भोपाळने त्याच वर्षी खात्री केली. माणसाला तो होत नाही, डुकरांना मात्र जवळपास सगळ्यांना मारतो, आणि भारतात त्यावर वापरात असलेली लस नाही. केंद्राच्या कृती आराखड्यात बाधित जागेभोवती एक किलोमीटरपर्यंतची डुकरे मारायची आणि दहा किलोमीटरपर्यंत टेहळणी ठेवायची अशी तरतूद आहे. जुलै २०२२ मध्ये तो केरळच्या वायनाडला पोचला, तेव्हा ठरलेल्या दराने भरपाई दिली गेली: १५ किलोपर्यंतच्या पिलाला २,२०० रुपये, ७० ते १०० किलोच्या जनावराला १२,००० रुपये. इथे आक्षेपक म्हणेल की बुळकांडीचा दाखला लागू पडत नाही; तिथे लस होती, इथे मारण्यावाचून गत्यंतर नाही, आणि भरपाई तर दिलीच जाते. मारणे टळणार नाही हे मला मान्य आहे. पण लस नसेल तर पहिल्या मरणाची बातमी हेच एकमेव हत्यार उरते, आणि भरपाईचा नियम त्या बातमीच्याच विरुद्ध काम करतो. पैसे मिळतात ते सरकारने मारलेल्या डुकराचे. रोगाने मेलेल्याचे नाहीत. पहिले डुक्कर ज्याचे मेले आणि ज्याने ते कळवले, त्याला त्या डुकराचे काही मिळत नाही, उरलेली मारली जातात, आणि शेजाऱ्यांचा रोष वर. त्यापेक्षा उरलेली रातोरात विकून टाकणे त्याला फायद्याचे वाटले तर दोष नियमाचा आहे. २०२० मध्ये आसामात मेलेली डुकरे नद्यांतून वाहताना दिसली आणि काझीरंग्याच्या रानडुकरांना वाचवण्यासाठी चर खणावा लागला. आपल्याकडे पैनगंगेच्या उत्तरेला टिपेश्वरचे अभयारण्य आहे, दक्षिणेला कवल व्याघ्र प्रकल्प आहे, आणि दोन्हींत रानडुक्कर वाघाचे भक्ष्य आहे.

म्हणून आदिलाबाद, यवतमाळ, नांदेड आणि चंद्रपूरच्या पशुसंवर्धन अधिकाऱ्यांनी रोग येण्याची वाट न पाहता आत्ताच काही गोष्टी ठरवाव्यात. रोगाने मेलेल्या पहिल्या डुकरालाही भरपाई द्यावी, आणि ती पंधरवड्यात हातात पडावी; त्यासाठी केंद्राची मान्यता लागेल, ती मागावी. एका काठाची बातमी त्याच दिवशी दुसऱ्या काठाला कळावी. नगरपालिकेच्या डुक्करपकड मोहिमेत पशुवैद्यकाला गुंतवू नये. ज्या दाराने दंड येतो त्या दाराने औषध आले तर कोणी ते घेणार नाही. डुकरे पाळणाऱ्या वस्त्यांतलीच चार माणसे नमुने घ्यायला, ताप मोजायला शिकवावीत आणि त्यांना त्याचे मानधन द्यावे. आणि डुकरे पाळणाऱ्यांनाही एक विनंती: १९६२ हा क्रमांक आता पैनगंगेच्या दोन्ही काठांवर चालतो. एखादे जनावर कानावर चट्टे येऊन मेले तर ते नदीत टाकू नका, उरलेली विकू नका, त्या क्रमांकावर फोन करा.